वैद्याच्या शेजारच्या सीटवरची बाई

वैद्यानं साठीला टेकता टेकता दुसरं घर केलंय, अशी कुजबुज त्या रस्त्यावर सुरू झाली तेव्हा तिला पुराव्याची कमतरता नव्हती. दुपारी तीनच्या सुमाराला, लोक जेवून पेंगत असतात त्या वेळेला, वैद्य रोज एका नव्या गाडीतून बाहेर पडायचा. गाडी रोज दुसऱ्याची, पण शेजारच्या सीटवरची बाई मात्र तीच. डोक्याला निळा रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि बोटं वैद्याच्या मनगटावर. समोरच्या टेलरनं हे स्वतः पाहिलं होतं. टेलर जन्मभर सुईच्या नेढ्यातून जगाकडे बघत आलेला. त्याला दिसायचं थोडंच, पण ओवायला तेवढं पुरायचं. त्यानं ते शेजारच्या न्हाव्याच्या कानात घातलं, आणि न्हाव्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटण्याचे कष्ट वाचवणं.

आता हा वैद्य कोण, तर गाड्या दुरुस्त करणारा. पत्र्याची शेड, मधे माणूस उभा राहील एवढा खड्डा, भिंतीवर पान्हे उतरत्या क्रमानं टांगलेले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळानं रोगाचं नाव सांगायचं, ही त्याची रीत. त्यावरून कुणीतरी त्याला वैद्य म्हटलं आणि ते असं चिकटलं की त्याचं खरं नाव लग्नाच्या पत्रिकेतच राहून गेलं. त्याच्या उस्तादानं त्याला एकच मंत्र दिला होता: डोळा पोचतो तिथं डोळा, नाही पोचत तिथं कान. चाळीस वर्षं वैद्यानं तो मंत्र जपला. डॅशबोर्डच्या खाली, पेडलांच्या वर, जिथं दोन बोटंही जेमतेम शिरतात तिथं क्लिप बसवायची झाली, तर तो बघायचा नाही. बोटानं दाबायची आणि ‘टक्’ ऐकू आलं की हात बाहेर. टक् झालं म्हणजे बसली.

त्या वर्षी त्याचे कान फितूर झाले. आधी इंडिकेटरची टिकटिक गेली. त्याला वाटलं ती टिकटिक करणारा रिलेच खराब आहे, म्हणून त्यानं एका गिऱ्हाइकाचा चांगला रिले उगाच बदलला. मग इंजिनाच्या पट्ट्याची शीळ गेली, मग नाणं फरशीवर पडल्याचा आवाज गेला. बारीक आवाज एकेक करून निघून गेले आणि जाड आवाज तेवढे मागे राहिले. बायकोचा आवाज जाड होता, त्यामुळे तो पूर्ण शाबूत होता. दैव काही बाबतीत फारच काटेकोर असतं. त्याच सुमाराला बायकोनं दाराची किणकिणणारी घंटी काढून म्हशीसारखी हंबरणारी एक बसवली. वैद्याला वाटलं, असते एकेकीची हौस.

त्यानं हे कुणालाही कळू दिलं नाही. आंधळा स्वयंपाकी एक वेळ चालेल, बहिऱ्या वैद्याकडे कोण फिरकेल? त्यानं युक्ती काढली. गिऱ्हाइकालाच खोदखोदून विचारायचं: आवाज कधी येतो, थंड असताना की तापल्यावर, वळताना की सरळ? मग अंदाज बांधायचा. दहातले आठ बरोबर यायचे. लोक म्हणायचे, वैद्य आता पहिल्यासारखा गप्प नसतो, माणसाशी बोलतो, वय झालं की माणूस पिकतो. वैद्य आतल्या आत करपत होता.

अशात बायकोची थोरली बहीण, अक्का, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला त्यांच्याकडे आली. अक्कानं एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली होती. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस घरी भांडून आलाय की बाहेर भांडायला निघालाय हे ती सांगायची. ऑपरेशन होऊन महिना उलटला तरी काळा चष्मा चढवून ती तिथंच. एक दिवस म्हणाली, “भावोजी, घरात बसून मला गंज चढला. मला तुमच्या गॅरेजात न्या. एका स्टुलावर पडून राहीन.”

“तिथं ग्रीस असतं, अक्का.”

“एक्स्चेंजमध्ये माणसं होती. ग्रीस परवडलं.”

तर ती स्टुलावर बसू लागली. आणि चौथ्याच दिवशी नर्सबाई आली.

नर्सबाई म्हणजे दवाखान्यातली. डोंगरापलीकडच्या वस्त्यांवर लशी घेऊन जाणारी, बोलायला तोडून, चालायला घाईची. भर दुपारी तिनं गाडी शेडमध्ये घातली आणि दार आपटून उतरली.

“वैद्य, डॅशबोर्डच्या मागं काहीतरी टिकटिकतंय. आठ दिवस झाले. तुमच्या त्या चौकातल्या भावानं ऐकून सांगितलं, एसीच्या झडपेची मोटर गेली, सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल.”

“तो माझा भाऊ नाही.”

“धंद्यानं भाऊच की. चार वाजता मला लशींची पेटी घेऊन निघायचंय. पलीकडे बायका पोरं घेऊन बसलेल्या असतील, आणि पेटीतला बर्फ माझ्यासाठी थांबत नाही. घाट उतरताना जास्त वाजतं. खरं सांगा, जाऊ का या गाडीनं?”

वैद्यानं तिला शेजारी बसवून एक फेरी मारली. खड्ड्यावरून गाडी गेली की ती बोट उचलायची. “हा बघा. आता. परत. ऐकलंत?”

“ऐकलं,” वैद्य म्हणाला.

त्याला इंजिनाची घरघर ऐकू येत होती, टायरचा खरखराट ऐकू येत होता. बाकी शांतता होती, स्मशानासारखी. नर्सबाई चारला येते म्हणून किल्ली ठेवून गेली आणि वैद्य स्टीअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

“भावोजी,” स्टुलावरून अक्का म्हणाली, “तुम्ही खरंच ऐकलंत का हो?”

“म्हणजे काय?”

“गाडी आत वळली तेव्हा मला इथं ऐकू आलं. नखानं काच वाजवावी तसं. तुमच्या चेहऱ्यावर तर काहीच हललं नाही. एक्स्चेंजमध्ये लाइन मेली की पलीकडचा माणूस असाच हं हं करत राहायचा.”

वैद्यानं रागानं एक पान्हा उचलला आणि परत ठेवला, कारण त्याचं काही काम नव्हतं. आठांमध्ये बसलं तर ठीक, पण हे दोनांमधलं निघालं तर? एसीची झडप असेल तर बाई फार तर उकडून निघेल. स्टीअरिंगच्या दांड्याचा सांधा असेल तर घाटाच्या वळणावर गाडी सरळ जाईल. अंदाजानं ‘जा’ म्हणण्याची ही गाडी नव्हती. आणि ‘मला ऐकू येत नाही’ म्हणण्याची त्याची जीभ नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला दहा कमी होते.

“कधीपासून?” अक्कानं विचारलं.

“वर्ष होईल.” मग तो म्हणाला, “घरी बोलू नका.”

“मी एक्स्चेंजमधली आहे. ऐकायचं आणि गिळायचं, याचाच पगार घेतला.” तिनं निळा रुमाल डोक्याला बांधला. “चला. मी ऐकते, तुम्ही ओळखा.”

ठरलं असं, की तोंडानं सांगायचं नाही. ‘आला’ म्हणेपर्यंत आवाज मागं राहतो आणि गाडी पुढं जाते. वैद्याचा हात गिअरवर असेल, त्याच्या मनगटावर तिनं बोट ठेवायचं, आणि आवाज आला की टिचकी मारायची. जसा आवाज, तशी टिचकी. समोर टेलरनं पडदा जरा सरकवला, पण त्या वेळी त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

आधी गाडी जागेवर ठेवून इंजिन चालू केलं. वैद्यानं एसी चालू केला, थंडावरून गरमावर, पायाकडून काचेकडे, सगळ्या झडपा हलवल्या. मनगटावर बोट निर्जीव.

“चौकातला भाऊ खोटा पडला,” वैद्य म्हणाला. त्याला तेवढंच जरा बरं वाटलं.

मग समोरचा कप्पा रिकामा केला: औषधाच्या पट्ट्या, एक बारका टॉर्च, चष्म्याचं घर, चुरगळलेल्या पावत्या. सगळं मागच्या सीटवर. दवाखान्यामागच्या उखडलेल्या रस्त्यावर गाडी घातली आणि पहिल्याच खड्ड्याला टिचकी आली. टक. पुढच्याला टक, टक. वैद्यानं एका हातानं मीटरचं काचघर दाबून धरलं. टक. स्टीअरिंग डावीकडे, उजवीकडे, घट्ट धरून, सैल सोडून. टक. टक. वायपर लावले, बंद केले. टक.

वर्षभरानं त्याला आवाज मिळाला होता, कातडीतून का होईना. त्याला ते बोट थांबू नये असं वाटत होतं आणि त्या आवाजाची भीतीही वाटत होती.

“स्टीअरिंग नाही,” तो म्हणाला. “त्याचा असता तर वळवताना बदलला असता. कुठून येतो वाटतं?”

“तुमच्या गुडघ्यांच्या वरून. आत. लोखंड आहे ते, प्लॅस्टिक नव्हे.”

तीन वाजत आले होते. नर्सबाई म्हणाली होती, उतरताना जास्त. गावाच्या टोकाला पाण्याच्या टाकीवरून खाली जाणारा उतार होता, लांब, सरळ, खाली आडव्या जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला मिळणारा. त्या रस्त्यावरून ट्रक जायचे, आणि ट्रक कुणासाठी थांबत नसतात. वैद्यानं तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली. मनगटावर टिचक्यांचा पाऊस पडू लागला.

वेग वाढला तसा त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. बोट थांबलं.

त्यानं पाय उचलला. टक टक टक. परत ठेवला. बोट थांबलं.

एसी नाही, स्टीअरिंग नाही. ब्रेकचं पेडल आणि त्याच्या मागचा दांडा यांना जोडणारी बोटाच्या पेराएवढी एक पिन असते. पाय दाबला की ती ताणात धरली जाते म्हणून वाजत नाही. सोडला की खुळखुळते. आणि ती खुळखुळते तेव्हाच, जेव्हा तिच्या टोकाची क्लिप जागेवर नसते. क्लिप नसेल तर प्रत्येक धक्क्याला पिन केसाएवढी बाहेर सरकते.

त्यानं पाय उचलून ठेवला होता. बोट वाजत नव्हतं.

“अक्का?”

“थांबला,” अक्का म्हणाली. “गेला बघा आपला आपण.” आणि तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

आजवर आवाज थांबला की वैद्य हसायचा, हात पुसायचा. आज त्यानं ब्रेकजवळचा पाय मागं घेतला. आवाज थांबला याचा अर्थ पिन बरी झाली असा नव्हता. ती तिरकी होऊन अडकली होती, टोकावर. आता पाय दाबला तर कदाचित ब्रेक लागेल, कदाचित पेडल सरळ जमिनीला टेकेल. ते दाबून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि बघायची सोय नव्हती.

खाली मोठा रस्ता दिसत होता. एक ट्रक गेला. दुसरा येत होता.

“अक्का, पट्टा घट्ट करा. पाय ताणू नका.”

तिनं का म्हणून विचारलं नाही. त्यानं दुसरा गिअर टाकला. इंजिन ओरडलं; तो आवाज जाड होता, त्याला नीट ऐकू आला. हँडब्रेक एक दात ओढला, मग दुसरा. मागची चाकं धरू लागली, गाडीची शेपटी जराशी हलली, त्यानं एक दात सोडला. उजवा पाय त्यानं सीटच्या खाली ओढून घेतला होता, कारण चाळीस वर्षांची सवय त्या पायात होती आणि तिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. पहिला गिअर. रस्त्याच्या कडेला दगडी कट्टा होता. त्यानं चाक हलकेच त्याला घासलं, रबराचा वास आला, गाडी कुरकुरत, घासत, अंग चोरत हळू झाली आणि मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी एका खांबाएवढ्या अंतरावर उभी राहिली. समोरून ट्रक गेला तेव्हा सगळी गाडी हादरली.

अक्काचं बोट अजून त्याच्या मनगटावर होतं. ते तिनं हळूच उचललं.

वैद्य उतरला आणि टॉर्च घेऊन पेडलांच्या खाली उताणा शिरला. पिन त्यानं ओळखली होती तशीच होती: तिरपी, एका कडेवर टेकलेली, हलणाऱ्या दातासारखी. त्यानं ती बोटानं आत लोटली. क्लिप नव्हती. मग त्यानं पायाखालची चटई उचलली, गालिच्याची कड उपसली, आणि तिथं कोपऱ्यात ती सापडली. नवी कोरी. तिच्यावर एक ओरखडा नव्हता. जी क्लिप चार महिने पिनेत बसून मग निसटते, तिच्यावर खुणा असतात. ही कधी बसलीच नव्हती.

चार महिन्यांपूर्वी या गाडीच्या ब्रेकला जोर देणारा डबा, बूस्टर, त्यानंच बदलला होता. हीच पिन त्यानंच घातली होती. बोटानं क्लिप दाबली होती, टक् ऐकू आलं नव्हतं, आणि शेजारी पत्रा कापायचं यंत्र चालू होतं म्हणून आलं नसेल, असं तो धरून चालला होता. त्या दिवशीही टॉर्च त्याच्या खिशात होता. पण टॉर्च मारून बघतात ते शिकाऊ, असं तो चाळीस वर्षं म्हणत आला होता.

त्यानं क्लिप बसवली. या वेळी डोळ्यांनी, टॉर्च दातात धरून. मग ब्रेक पुन्हापुन्हा दाबून, दोनदा उतरून बघून, गाडी पायी चालल्यासारखी शेडमध्ये आणली. पावणेचार झाले होते.

“कुणाला कळायचं कारण नाही,” वैद्य म्हणाला. हे तो अक्काला म्हणाला की स्वतःला, ते स्पष्ट नव्हतं. “क्लिप बसली. आवाज गेला. झडपेची मोटर होती म्हटलं तर चौकातला खरा ठरेल, एवढंच.”

“हो,” अक्का म्हणाली.

“नाव गेलं की शेड बंद. या वयात मी दुसरं काय करणार?”

“हो.”

“तुम्ही नुसतं हो हो काय करताय?”

“मी लाइन जोडून देते, भावोजी. बोलायचं काय ते ज्याचं त्यानं.” मग म्हणाली, “अशा किती गाड्यांत तुम्ही टक् धरून चाललात, तेवढं मोजा.”

हे मात्र वैद्याच्या वर्मी लागलं. तो भिंतीवरच्या पान्ह्यांकडे बघत बसला आणि ओठ हलवत मोजू लागला. सहावर आला होता तेव्हा नर्सबाई पेटी घेऊन आली.

“झालं? काय निघालं?”

वैद्यानं उभं राहून सगळं सांगितलं. पिन, क्लिप, उतार, चार महिने. कुणावर खापर फोडलं नाही, पत्रा कापायच्या यंत्रावरही नाही. शेवटी म्हणाला, “मला बारीक आवाज ऐकू येत नाही. मघाशी ऐकलं म्हणालो ते खोटं होतं.”

नर्सबाई पुढं आली. पेटी बाकावर ठेवली, त्याच्या मागं गेली आणि त्याच्या कानाशी दोन बोटं एकमेकांवर घासली. मग दुसऱ्या कानाशी.

“काही?”

“काय काही?”

“हं.” ती समोर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “चार महिने मी आठवड्यातून तीनदा तो घाट उतरतेय, वैद्य. कधी कधी मागं बाळंतीण असते.”

“हो.”

“तुम्हाला काय बोलावं ते मला आत्ता सुचत नाहीये. सुचलं की येऊन बोलेन.” तिनं साडीचा पदर खोचला. “टॉर्च द्या. ती क्लिप मला दाखवा.”

आणि नर्सबाई पायांखालच्या जागेत उताणी शिरली. वैद्यानं बोटानं दाखवलं, तिनं डोळ्यांनी बघितलं, नखानं क्लिप ओढून बघितली. मग सीटवर बसून ब्रेक दाबला, एकदा, दोनदा, तीनदा, सगळा जोर लावून. अक्काला म्हणाली, “तुम्ही ऐकलात ना तो आवाज? चौकापर्यंत बसा माझ्याबरोबर. नसेल वाजत तर उतरा.”

अक्का चौकात उतरून चालत परत आली. म्हणाली, “लाइन साफ आहे.” वैद्य साडेसहापर्यंत स्टुलावर बसून होता. साडेसहाला फोन वाजला. पलीकडून नर्सबाई एवढंच म्हणाली, “पोचले,” आणि फोन ठेवला. तो ठेवल्याचा आवाज जाड होता.

दुसऱ्या दिवसापासून वैद्य वर्षभरातल्या गिऱ्हाइकांना फोन करू लागला. पायाखालच्या त्या अंधारात, न बघता हात घातलेल्या अकरा गाड्या निघाल्या. प्रत्येकाला सांगितलं, गाडी आणा, मला तपासायचीय, चूक माझी आहे. काही जण भडकले, दोघे कायमचे गेले, एक जण म्हणाला वैद्य तुमचं डोकं फिरलंय, पण गाडी घेऊन आला. वैद्य आधी टॉर्चनं बघायचा, मग दुपारी अक्काला शेजारी बसवून उखडलेल्या रस्त्यावर फेरी मारायचा. नऊ गाड्या ठीक निघाल्या. एकीची क्लिप पुरती बसली नव्हती. अकरावीत स्टीअरिंगखालचा एक नट सैल होता आणि तो अक्काच्या बोटानं पकडला. नर्सबाई पंधरा दिवसांनी आली, सुचलं होतं ते सगळं बोलून गेली, आणि जाताना कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी ठेवून गेली.

त्या अकरा दुपारी समोरच्या टेलरनं मोजल्या होत्या. टेलरची बायको अखेर वैद्याच्या घरी गेली, खुर्चीच्या कडेवर बसली आणि हळहळत म्हणाली, “वहिनी, बोलू नये, पण निळा रुमाल बांधलेली कुणी बाई...”

“रुमाल माझाच आहे,” वैद्याची बायको म्हणाली. “चहा घेणार?”

यातलं खरं ते असं. ती बाई वैद्याच्या बायकोची थोरली बहीण होती. आवाज आला की ती त्याच्या मनगटावर टिचकी मारत होती, कारण त्याला तो ऐकू येत नव्हता. तिला घरात गंज चढलेला नव्हता. तिचे डोळे बरे झाले होते आणि तिला आपल्या घरी परत जायचं होतं. वैद्याला दाराची घंटी ऐकू येत नाही हे वर्षापूर्वीच बायकोच्या लक्षात आलं होतं. त्याला ते बोलून दाखवणं तिला जमलं नाही, म्हणून तिनं घंटी बदलली, आणि बहिणीला थांबवून घेऊन गॅरेजात पाठवलं.